एकोणतिसाव्या मुनाऱ्याच्या पुढे

पाठीमागून अस्वल आलं तेव्हा मी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, डोक्यावर धानाचं पोतं घेऊन उभा होतो. पौषातली पहाट, पाण्यावर धुकं, थंडीनं दात वाजत होते, आणि मागून घरघर करत काहीतरी काळं केसाळ धावत आलं. पोतं कुठं पडलं, मी कुठून उडी मारली, मला काही म्हणजे काही आठवत नाही. भानावर आलो तेव्हा कमरेइतक्या पाण्यात उभा होतो आणि वर पाळीवर ते अस्वल अंगावरची काळी घोंगडी काढून तिची शांतपणे घडी घालत होतं. घडी झाली. मग त्यानं काखेतली पाटी काढली, तिच्यावर एक फुली मारली आणि मला सांगितलं की अस्वलापुढे पळायचं नसतं, उभ्या जागी उभं राहायचं असतं, तेव्हा आजचा दिवस फुकट गेला. पोतं शोधून आणायचं कामही माझ्याकडेच आलं.

हे अस्वल म्हणजे आमच्या रेंजचा नाकेदार. नाकेदार म्हणजे जंगलाचा एक तुकडा राखणारा, जंगलखात्यातला सगळ्यात खालचा माणूस. मी मोजणीबाबू, म्हणजे कागदोपत्री त्याचा साहेब. बाप्पा, कसला साहेब! त्या महिन्यात त्यानं मला जे जे करायला लावलं ते आठवलं की आजही वाटतं, या माणसाविरुद्ध आपण तेव्हाच अर्ज का केला नाही? पन्नाशी उलटलेला, वाळका, उभट माणूस. गळ्यापर्यंत बटणं लावलेला खाकी कोट आणि खाली गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर. आम्ही सगळे त्याला भाऊ म्हणत असू. पायात कधी काही नाही. सरकारनं बूट दिले होते, ते तो दर रविवारी पेटीतून काढी, करंजीच्या तेलानं चोळी, उन्हात ठेवी आणि परत पेटीत घाली. का घालत नाही म्हणून विचारलं तर म्हणे, सरकारची वस्तू आहे, झिजवून कसं चालेल? पुढे पेन्शनीत निघाला तेव्हा त्यानं ते बूट कोरे करकरीत परत केले. ते परत कसे घ्यावेत हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून कित्येक दिवस ते हेडक्लार्कच्या टेबलाखाली पडून होते.

अंतर तो मैलात किंवा कोसात सांगत नसे, खांद्यात सांगे. पाण्याची कावड घेऊन निघालेला माणूस एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जिथं बोजा बदलतो तिथं एक खांदा संपला. अमुक नाला इथून तीन खांदे, तमुक गाव अकरा खांदे. मी एकदा साखळी घेऊन त्याचे दोन-चार खांदे मोजले. मेला एकसुद्धा दुसऱ्यासारखा निघाला नाही. तसं सांगितल्यावर त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि चढणीचे खांदे लहान असतात एवढंही शाळेत शिकवत नाहीत का, असं विचारलं. आणि खरंच शिकवलं नव्हतं.

आता हा सगळा छळ मी का सोसला ते सांगतो. पन्नास सालानंतरचा तो काळ. जमीनदाऱ्या नुकत्याच गेल्या होत्या, जंगलं सरकारजमा होत होती, आणि खात्याला माणसं हवी होती. मी चांद्याच्या परकोटाआतला, म्हणजे तटबंदीतल्या जुन्या शहरातला पोरगा, मॅट्रिक झालेला, गडचिरोलीच्या पलीकडल्या एका रेंजमध्ये कच्च्या नोकरीवर लागलेला. कच्ची म्हणजे चैत्रापर्यंत. पक्की होण्याला एकच अट होती. आमच्या रेंजच्या टोकाला बैलपाठ नावाची पहाडी आहे. बसलेल्या बैलाच्या पाठीसारखी लांबच लांब, वर अरुंद धार, दोन्ही अंगांना दरी. त्या धारेवर सरकारी जंगलाच्या हद्दीचे एकेचाळीस मुनारे होते. मुनारा म्हणजे छातीइतका उंच रचलेला दगडांचा ढीग, त्यावर चुन्याचा पट्टा आणि एका दगडावर कोरलेला नंबर. वर पाणी नाही, रात्री राहायची सोय नाही, अस्वलांचा वावर. म्हणून उजाडायच्या आत एका टोकानं चढायचं, सगळे मुनारे डोळ्यांनी पाहायचे, प्रत्येकाची हालत वहीत लिहायची आणि दिवस बुडायच्या आत दुसऱ्या टोकानं उतरायचं. वर्षानुवर्षं हे काम भाऊ एकटा करी आणि तोंडी सांगे, कारण त्याला लिहिता येत नव्हतं. पाटीवर तो नुसत्या फुल्या मारी. पण आता चांद्याच्या मोठ्या ऑफिसातून हुकूम आला होता की लिहिता येणारा माणूस गेला पाहिजे. माझ्याआधी दोघं गेले होते. दोघंही पंधराव्या मुनाऱ्यावरून परत आले, एकाचं पोट बिघडलं आणि दुसऱ्याचा पाय मुरगळला, आणि दोघंही चैत्रात घरी गेले.

आणि मला घरी जाऊन चालणार नव्हतं. सावली गावाला धानाची शेती असलेल्या एका घरी माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलीच्या वडिलांनी तोंडावर सांगितलं होतं, नोकरी कायम झाली का कागद घेऊन या, मग तारीख काढू. कच्च्या नोकरीवर पोरगी देत नाई मी. मुलगी मी एकदाच पाहिली होती. अंगणात ती धान पाखडत होती, मी फाटकातून आत आलो तेव्हा तिनं सुपाचा रोख बदलून सगळा कोंडा माझ्या अंगावर उडवला, आणि वर मान करून हसली. मी त्या दिवसापासून कामातून गेलो होतो. त्यामुळे अस्वलच काय, भाऊनं वाघ होऊन झेप घेतली असती तरी मी पुन्हा पाळीवर जाऊन उभा राहिलो असतो.

तयारी एक महिना चालली. पहिल्याच दिवशी तो माझ्या खोलीवर आला, माझी ट्रंक उघडली आणि एकेक वस्तू माझ्या हातात देऊन हात लांब करून उभं राहायला सांगितलं. आरसा. साबणाची डबी. गरम बंडी. कंपास. स्वतः तो दाराशी बसून सुपारी कातरत होता. हात खाली आला की ती वस्तू बाद. अशी माझी कंपासपेटीसुद्धा बाद झाली. ती सरकारी आहे असं मी ओरडून सांगितलं, तर म्हणाला की मग सरकारलाच येऊन उचलू द्या.

मग पाळीवर चालणं सुरू झालं. आमच्या गावचा तलाव मोठा, त्याची पाळ लांब आणि अरुंद, म्हणून तीच बैलपाठ समजायची. पहाटे पोतं घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि टोकाला गेल्यावर खाली उतरायचं ते पाठमोरं. भाऊचं म्हणणं, पहाडी चढताना माणसाला काही होत नाही, उतरताना गुडघे जातात, म्हणून उतरणीला पाठ करून उतरायचं. धुणं धुवायला आलेल्या बाया हे बघून तोंडाला पदर लावत. त्यांतल्या एकीनं मला सरळ विचारलं की बाबू, तुमी माघारी चालून चांद्याले पोचाल का? मला कपाळावर हातसुद्धा मारता येईना, डोक्यावर पोतं होतं.

सगळ्यात वाईट ती तहान. बैलपाठीवर थेंबभर पाणी नाही, तेव्हा महिनाभर आधीपासून सवय पाहिजे म्हणून त्यानं माझ्या खोलीतला माठ उचलून नेला आणि दिवसाला एक तुंबा पाणी देऊ लागला. भोपळ्याचा लहानसा तुंबा, दोन घोटांत संपणारा. जेवायला सकाळी पेज आणि दुपारी त्यानं स्वतः वळलेले लाडू. भाजलेली मोहफुलं, जवस आणि आणखी कसलीशी कडू साल. ती साल कुठली हे त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. पहिला लाडू मी खाल्ला. पुढचे दोन दिवस मी कुठं होतो आणि किती वेळा होतो ते लिहिण्यासारखं नाही.

तेव्हा मी ठरवलं, की हा म्हातारा येडपट आहे आणि याचं ऐकलं तर पंधराव्या मुनाऱ्यापर्यंतसुद्धा आपण पोचणार नाही. रोजचा लाडू मी कोटाच्या खिशात घालू लागलो आणि ऑफिसच्या बंडीच्या, म्हणजे गाडीच्या, बैलांना चारू लागलो. बैलांना ते मनापासून आवडले. पाणी रेस्ट हाऊसच्या चौकीदाराच्या घरी पोटभर प्यायचो. संध्याकाळी भाऊ यायचा, माझ्या डोळ्यांत डोळे घालून विचारायचा, लाडू खाल्ला का, पाणी जास्त तर नाही झालं. मी सांगायचो, खाल्ला भाऊ, आणि घसा असा कोरडा पडलाय की काही विचारू नका. वर ओठांवरून जीभ फिरवून दाखवायचो. तो मान डोलवायचा आणि पाटीवर फुली मारायचा. त्या फुल्या कसल्या हे मी कधी विचारलं नाही. म्हाताऱ्याला आपण कसं बनवलं याच आनंदात मी होतो.

शेवटच्या आठवड्यात त्यानं मला हसायची बंदी केली, हसण्यानं घसा सुकतो म्हणून. आणि एक गोष्ट मला तेव्हाही चमत्कारिक वाटली. आमचे रेंजरसाहेब म्हणजे भलतेच कडक. लाल शाईची दौत समोर ठेवूनच माणसाशी बोलायचे, आणि त्यांच्या खोलीत जाताना हेडक्लार्कसुद्धा दोनदा टोपी सारखी करायचा. असा माणूस एका सकाळी तलावाच्या पाळीवरून घोड्यावर चालला होता. मी पोतं घेऊन पाठमोरा उतरत होतो, भाऊ खाली बसून फुल्या मारत होता. मला वाटलं, आता दोघांचीही खरडपट्टी. साहेब थांबले, माझ्याकडे एकदा पाहिलं, भाऊकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता निघून गेले.

माघातल्या एका दिवशी आम्ही पायथ्याच्या गावाहून अंधारातच चढायला लागलो. माझ्या पाठीवर वही, दोन तुंबे पाणी आणि भाकरी. भाऊच्या हातात नुसती कुऱ्हाड. पहिल्या मुनाऱ्यापाशी उजाडलं. काय सांगू, ती धार म्हणजे कित्येक ठिकाणी बैलबंडीच्या वाटेइतकीसुद्धा रुंद नव्हती. डावीकडे पाहिलं तर खाली झाडांचे शेंडे, उजवीकडे पाहिलं तर तेच. दगड सुटे, वर वाळलेलं गवत, पाय ठेवावा तिथून घसरायचा. भाऊ पुढे चालला होता. मी प्रत्येक मुनाऱ्याशी थांबून नंबर वाचत होतो आणि लिहीत होतो. सहावा, चुना चांगला. अकरावा, वरचे दोन दगड पडलेले. तेराव्यापाशी माझी टाच सोलली आणि रक्त चपलेत उतरलं. पंधराव्यापाशी भाऊ थांबला, मागं वळला आणि विचारलं, कसं वाटून राह्यलं. मी म्हणालो, उत्तम. अजून घामही आलेला नाही. माझ्या तोंडावरून घाम टपटपत होता. त्यानं माझ्या पायाकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं, आणि पुढे चालू लागला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा आम्ही एकोणतिसाव्याला पोचलो. माझे तुंबे कधीच संपले होते. भाऊ त्या मुनाऱ्याला टेकून बसला, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला की पुढला तुम्हीच बघून या, मी बसतो. इतक्या वर्षांत हा माणूस कोणाच्या मागं चालल्याचं मी ऐकलं नव्हतं. पण विचार करायला डोकं ठिकाणावर नव्हतं. मी वही घेऊन पुढच्या वळणावर गेलो आणि तिथं कोंबडा आरवला.

मी जागच्या जागी थिजलो. बैलपाठीवर कोंबडा? मला वाटलं, ऊन लागलं, भ्रम झाला. चार पावलं पुढे गेलो तर धार रुंद होऊन सपाट झालेली, आणि त्या सपाटीवर मोहरीचं पिवळं धम्मक शेत. पलीकडे कुडाच्या भिंतींची घरं. मी मोजली, अकरा. दारांपुढे शेणाचा सडा टाकलेला. एका घरापुढे कोणी सूप विणत होतं, ते मला बघून उठलं आणि आत गेलं. सरकारी राखीव जंगलाच्या मध्यात, जिथं नकाशावर नुसता हिरवा रंग आहे, तिथं अख्खी वस्ती नांदत होती. माझ्या हातातली वही खाली पडली ती मी उचललीसुद्धा नाही.

शेतांच्या कडेला एक विहीर होती. विहीर! महिनाभर ज्या पाण्यावाचून मला मारलं ते पाणी इथं दोन हातांवर चमकत होतं. कंबरेत वाकलेली एक बाई तिथं उभी होती. तिनं तुंबा बुडवला, भरून माझ्यापुढे धरला आणि गोंडीत एवढंच म्हणाली, "येर." येर म्हणजे पाणी, एवढं मला कळत होतं. मी ते प्यायलो, आणि पिता पिता माझी नजर विहिरीच्या आत गेली. आतून विहीर दगडांनी बांधलेली होती. दगडांवर चुन्याचे पांढरे पट्टे होते, तुटक तुटक, कुठं आडवे, कुठं उभे. आणि पाण्याच्या जरा वर एक दगड बसवला होता त्यावर ३१ हा आकडा उलटा दिसत होता. तिसावा, एकतिसावा, बत्तिसावा, सगळे मुनारे त्या विहिरीत गेले होते.

मी परत वळलो तर भाऊ मागं उभाच होता. मी त्याच्यावर असा भडकलो की विचारू नका. म्हणालो, ही वस्ती नकाशात नाही. हद्दीचे दगड विहिरीत घालणं म्हणजे काय असतं ठाऊक आहे का? आणि इथं पाणी असताना मला का तहानेनं मारलं? तो शांतपणे ऐकत होता. बोलून बोलून मी दमलो तेव्हा तो विहिरीच्या काठावर बसला आणि बोलू लागला.

"वर पानी नाई असं लोकाले वाटलं म्हंजे कोनी वर येत नाई, म्हून तसं सांगतो. तुमच्या आंधीचे दोघं सरळ मानूस होते जी. म्या लाडू देल्ला, त्याहीनं खाल्ला. पानी नोका पिऊ म्हनलं, नाई पेले. पोट बिघडलं, पाय गेला, पंधराव्यालेच परत नेले म्या. इथी आले असते तं जे पाह्यलं ते साहेबापुढं सांगून मोकळे झाले असते. तुमी लाडू बैलाले चारले. चौकीदाराच्या घरी पानी पेले. आन् रोज माह्या डोळ्यात पाहून नाई म्हनलं. मले असाच मानूस पायजे होता."

म्हणजे पाटीवरच्या त्या फुल्या! रोज संध्याकाळी माझं खोटं तो मोजत होता आणि खोटं चांगलं जमलं की फुली मारत होता. आयुष्यात माझी कोणी अशी परीक्षा घेतली नव्हती, आणि ज्या गुणासाठी मी पास झालो तो गुण आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. राग यावा की लाज वाटावी हेच कळेना. त्या दोघा सरळ माणसांचं मात्र मला आजही वाईट वाटतं. त्यांनी लाडू खाल्ले, एवढाच त्यांचा गुन्हा.

मग मी त्याला विचारलं की मी हे सगळं खरं खरं लिहिलं तर? हे काही पोकळ बोलणं नव्हतं. राखीव जंगलात वस्ती शोधून देणारा मोजणीबाबू नुसता कायम झाला नसता, वर चढला असता. आणि खोटं लिहिलं आणि कधीकाळी उघडकीला आलं, तर नोकरी गेली, सावली गेली, वर खटला. भाऊनं मला समजावलं नाही की हात जोडले नाहीत. म्हणाला, "लिवाचं ते लिवा. हात तुमचा हाय." एवढं बोलून तो बाईशी गोंडीत काहीतरी बोलू लागला आणि दोघं कशावरून तरी हसली.

अशा वस्त्या उठवल्या की काय होतं ते मी त्याआधी एकदा पाहिलं होतं. गडचिरोलीच्या सडकेच्या कडेला, बंड्यांतून उतरवलेली माणसं मडकी आणि कोंबड्यांचे खुराडे घेऊन बसली होती आणि कुठं जायचं हे त्यांना कोणी सांगत नव्हतं. आमच्या कचेरीतला शिपाई त्यांच्यापाशी उभा राहून यादी लिहीत होता. तेव्हा मी त्या यादीवरून नजर फिरवून सरळ चहा प्यायला गेलो होतो. आता विहिरीच्या काठावर ते मला आठवलं. मी जाऊन पडलेली वही उचलून आणली.

पस्तिसाव्यापासून पुढचे मुनारे जागेवर होते. ते मी पाहिले, लिहिले. शेवटची उतरण पाठमोरी उतरलो, आणि खरं सांगायचं तर गुडघ्यांना काही झालं नाही. दिवस बुडताना खाली आलो. तिसाव्यापासून चौतिसाव्यापर्यंतची जागा वहीत कोरी होती. पायथ्याच्या झाडाखाली बसून मी ती भरली. एकसारखं सगळं चांगलं लिहिलं तर संशय येईल म्हणून जरा अक्कल चालवली. तिसावा, ठीक, चुना उडालेला. एकतिसावा, ठीक. बत्तिसावा, ठीक, भोवती गवत. भाऊ शेजारी बसून पायातला काटा काढत होता. मी काय लिहिलं ते त्यानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत उभा राहिलो. वही त्यांच्यापुढे होती, लाल शाईची दौत उघडी होती. ते एकेक पान वाचत होते. भाऊ बाहेर ओट्यावर बसला होता. सहावा झाला, अकरावा झाला. एकोणतिसावा झाला. तिसाव्यावर त्यांचं बोट थांबलं.

"तिसाव्याचा चुना उडालाय?"

मी म्हणालो, हो साहेब. डोळ्यांत डोळे घालून म्हणालो. महिनाभराची सवय होती.

"विहिरीत उतरून पाहिलास?"

खटला, सावली, चांद्याच्या घरी कळवायचं कसं, सगळं एकदम डोक्यात आलं. साहेबांनी वही माझ्याकडे सरकवली आणि आवाज अगदी खाली आणला.

"मी तुझ्यासारखाच कच्चा होतो तेव्हा त्या वस्तीचा झरा आटला होता. ते दगड मी आणि नाकेदारानं मिळून वाहिलेत. चुना उडाला असं लिहिलं की चुना मारायला माणूस पाठवावा लागतो, गाढवा. चांगला आहे असं लिही."

मी खोडलं आणि लिहिलं. घाईत 'चांगला' मधला अनुस्वार भलतीकडेच पडला. साहेबांनी तो लाल शाईनं नीट जागेवर दिला. पुढच्या वर्षीही कोणीतरी वर जायला लागेल आणि ते काम पक्क्या माणसाकडे असलेलं बरं, असं म्हणून त्यांनी खाली लिहिलं, 'उमेदवाराने सर्व एकेचाळीस मुनारे समक्ष पाहिले. कायम करण्यास हरकत नाही.' आणि सही केली.